डाव्या दिव्यातली भेग

चकाकीला घरी बसून आता सहावा महिना लागला होता, आणि घरी बसलेला माणूस म्हणजे दारातच ठेवलेलं स्टूल. जो येईल त्याला ते लागतं आणि जो तो ते जरा बाजूला सरकवतो. बायको केर काढायला आली की तो उठून खिडकीशी जायचा, ती खिडकीशी आली की स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरातून तर त्याला लगेच हाकललं जायचं.

चकाकी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं लाकडी सामानाला पॉलिश करून करून ते त्याला चिकटलं होतं. त्यानं हात फिरवलेल्या टेबलात माणसाला आपलं तोंड दिसायचं, आणि न्यायला आलेली गिऱ्हाइकं टेबल बघायच्या आधी त्यात वाकून भांग नीट करायची. पण लोक आता कारखान्यातलं सामान घ्यायला लागले. ते खोक्यातून येतं, चार स्क्रू पिळले की उभं राहतं, त्याला ना पॉलिश लागतं ना पॉलिशवाला. एक दिवस मालकानं दुकानाचं शटर ओढलं ते पुन्हा उघडलंच नाही.

बरं, हेसुद्धा या गृहस्थानं घरी सांगितलं नाही. तीन आठवडे तो रोज सकाळी मुलीच्या हातून डबा घ्यायचा, ती विचारायची, ‘कुठे, दुकानात ना?’ आणि हा म्हणायचा, ‘मग आणखी कुठे?’ आणि बागेतल्या बाकावर जाऊन बसायचा. शेवटी मुलीनंच त्याला पकडलं. ती पेशंट ने-आण करायची व्हॅन चालवते. सिग्नलला थांबली असताना तिला दिसलं की आपले वडील भर अकरा वाजता बाकावर बसून आपण भरून दिलेला डबा कबुतरांना घालताहेत. तिनं गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि म्हणाली, ‘बसा.’ घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. दारात आल्यावर मात्र म्हणाली, “बाबा, दुकान गेलं त्याचं मला एवढं नाही. पण तुम्ही रोज माझ्या हातून डबा घेत होता आणि माझ्या तोंडावर खोटं सांगत होता. मला काहीही सांगा, पण असं नका करू.” तो ‘बरं’ म्हणाला. त्या दिवसापासून तिनं त्याचा डबा कधी भरला नाही, कारण भरायचं कारणच उरलं नव्हतं.

मुलगी तशी तिशी ओलांडलेली, अंगापिंडानं चांगली भक्कम, व्हीलचेअरसकट माणूस उचलून गाडीत ठेवेल अशी. तरी घरात तिचं नाव चिमणीच राहिलं होतं, आणि त्याची कुणालाच गंमत वाटत नव्हती.

आता खरं सांगायचं तर लपवणं हा चकाकीचा धंदाच होता. लाकडात गाठ असते, कीड गेलेली असते, सुताराची पटाशी कुठेतरी घसरलेली असते. पॉलिशवाल्यानं ती जागा लांबीच्या लगद्यानं भरायची, वर लाकडाच्या रंगाचा हात मारायचा, बारीक ब्रशनं त्यावर रेषा ओढायच्या आणि गिऱ्हाइकापुढे मिठाची गुळणी धरून बसायचं. यात चकाकी इतका पोचलेला होता की त्यानं भरलेली गाठ दुसऱ्या दिवशी त्याची त्यालाही सापडायची नाही. यात काही वाईट आहे असं त्याला चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. तो म्हणायचा, टेबल घेणारा जेवायला घेतो, गाठ मोजायला घेत नाही.

त्या शुक्रवारी दुपारी चिमणी घरी आली ती पाय आपटतच. किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि खुर्चीत धाडकन बसली.

“आरटीओच्या पासिंगला नापास केली गाडी,” ती म्हणाली.

“अगं, पण ब्रेक तर तू परवाच करून घेतलेस,” आई म्हणाली.

“ब्रेक पास. टायर पास. हॉर्न पास. दिवे नापास.” तिनं डोकं मागे टेकलं. “साहेबांनी दिवे लावून समोरच्या फळ्यावर उजेड पाडला. नुसतं पिवळं पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. म्हणाले, दिव्यांना मोतीबिंदू झालाय, तुम्ही पेशंट कसे नेता? आणि आई, खरं आहे ते. गेल्या आठवड्यात पहाटे दुभाजक मला हातभर अंतरावर आल्यावर दिसला. मागे तिघं बसलेली होती.”

ही तिघं म्हणजे किडनीचे पेशंट. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला त्यांना इस्पितळात जावं लागतं, आणि यंत्राचा पहिला नंबर पहाटे पाचला असतो. त्यांना नेण्याचं काम इस्पितळानं चिमणीला दिलं होतं. जुन्या पासिंगची मुदत सोमवारपर्यंत होती, आणि साहेबांनी त्याच दिवशी सकाळी दहाची वेळ दिली होती. सोमवारी गाडी पास झाली नाही तर मंगळवारी तिघांपैकी कुणीही इस्पितळात पोचणार नव्हतं, आणि इस्पितळ काय, दुसरी व्हॅन बघणार.

“मग नवे दिवे घे,” आई म्हणाली.

“मिळत नाहीत. हे मॉडेल बंद होऊन आठ वर्षं झाली. तीन भंगारवाले पालथे घातले. त्यांच्याकडचे दिवे माझ्यापेक्षा पिवळे.”

चकाकी खिडकीशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. तो काही न बोलता चपला सरकवून खाली गेला. व्हॅन दारातच उभी होती. दोन्ही दिव्यांच्या काचा, काचा कसल्या, प्लॅस्टिकच ते, पिवळट पांढऱ्या झाल्या होत्या आणि आतला बल्ब धुक्यातून दिसावा तसा दिसत होता. त्यानं अंगठ्याला थुंकी लावली आणि तो काचेच्या एका कोपऱ्यात दाबून फिरवला. तेवढी जागा क्षणभर स्वच्छ झाली. वाळली तशी पुन्हा पांढरी पडली. हे चकाकीला ओळखीचं होतं. उन्हाच्या खिडकीशी ठेवलेल्या कपाटाचं पॉलिश असंच मरतं. वरचा लेप मरतो, खालचं लाकूड धडधाकट असतं.

वर येऊन तो म्हणाला, “वरचा थर गेलाय फक्त. मी करतो.”

दोघी मायलेकी त्याच्याकडे बघत राहिल्या. सहा महिन्यांत ‘मी करतो’ हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाले होते.

“बघू आता काय दिवे लावताय ते,” बायको म्हणाली. पण ती लगेच उठली आणि माळ्यावरून त्याची हत्यारांची पेटी काढून, वरची धूळ पदरानं पुसून, तिनं ती त्याच्या पायाशी आणून ठेवली.

शनिवारी सकाळी तो रंगवाल्याकडे गेला. या रंगवाल्याकडून त्यानं आयुष्यभर लाख आणि लॅकर नेलं होतं, त्यामुळे आधी अर्धा तास कोण मेलं आणि कोण उरलं याच्यावर बोलणं झालं. मग रंगवाल्यानं भिजवून वापरायचे वॉटर पेपर काढून दिले, खरखरीत चारशेपासून मऊ तीन हजार नंबरापर्यंत, घासायचं कंपाउंड दिलं, आणि उन्हापासून वाचवणाऱ्या क्लिअर कोटची छोटी बाटली दिली.

“आणि हे स्पिरिट,” तो म्हणाला. “कोट द्यायच्या आधी ह्यानंच पुसा. थिनर चुकूनही लावू नका, बरं का. हे लाकूड नाही. प्लॅस्टिक थिनर पितं आणि तडकतं.”

“अहो, चाळीस वर्षं झाली मला,” चकाकी हसून म्हणाला. माणूस असं म्हणाला की समजावं, त्यानं ऐकलेलं नाही.

दुपारी चिमणी पेशंट सोडून आली आणि उजव्या दिव्याचं काम सुरू झालं. चकाकीनं काचेभोवती कागदी टेप चिकटवली, गाडीच्या रंगाला ओरखडा नको म्हणून दुहेरी. मग चारशेचा पेपर पाण्यात भिजवला आणि आडवे हात मारायला सुरुवात केली. काचेवरून पिवळं दूध ओघळायला लागलं. चारशेनंतर आठशे, आणि आठशेचे हात उभे, म्हणजे आधीच्या आडव्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. चिमणी बादलीशी उकिडवी बसून प्रत्येक पेपर भिजवून हातात देत होती. दीड हजार नंबर झाला तेव्हा तिचा धीर सुटला.

“बाबा, हे होतं त्यापेक्षा वाईट झालंय.”

खरंच तसं दिसत होतं. काच दूध गोठल्यासारखी पांढरी झाली होती. चकाकीनं बादलीतून मगभर पाणी घेतलं आणि काचेवर ओतलं. पाण्याबरोबर सगळा पांढरेपणा वाहून गेला आणि आतला बल्ब, त्यामागची चांदीची वाटी, वाटीवरची एक बारीक धूळ, सगळं लख्ख दिसायला लागलं.

“आमच्याकडे असंच बघतात,” तो म्हणाला. “घासलेलं लाकूड ओलं करायचं. ओल्यावर जसं दिसतं, तसंच कोट दिल्यावर दिसणार. कोरड्यावर घाबरायचं नाही.”

पुढे मग दोन हजार, तीन हजार, कंपाउंड, आणि शेवटी पुसायची वेळ आली तेव्हा चिमणीनं स्पिरिटची बाटली त्याच्या हातात दिली, कारण कोटच्या बाटलीवरची सूचना तिनं वाचली होती. कोट बसला. संध्याकाळच्या उन्हात उजवा दिवा नव्या नवरीसारखा चमकत होता आणि शेजारचा डावा त्याच्यापुढे बिचारा वाटत होता. त्या रात्री चकाकी दोनदा वाढून घेऊन जेवला आणि जेवताना शीळ घालायला लागला म्हणून बायकोनं त्याला दटावलं.

रविवारी दोघी मायलेकी मावशीकडे जाणार होत्या. चकाकी म्हणाला, तुम्ही जा, येईपर्यंत डावा तयार असेल. त्याच्या मनात होतं की त्या परत येतील तेव्हा दोन्ही दिवे असे झळकत असले पाहिजेत की चिमणीनं रस्त्याच्या वळणावरूनच बघावं. तो एकटाच कामाला लागला. चारशे, आठशे, दीड हजार, सगळं जिथल्या तिथे. हात आता मोकळा झाला होता, सहा महिन्यांचा गंज उतरला होता, आणि गंज उतरला की हात स्वतःच चालायला लागतो. तिथेच तर घात झाला.

तीन हजार झाल्यावर त्याला ओलं करून बघायचं होतं. लाकडाच्या कामात शेवटचं बघणं पाण्यानं नसतं, थिनरनं असतं. पाणी लाकडात मुरतं, थिनर उडून जातं. चाळीस वर्षं ज्या हातानं हे केलं तो हात विचार करत नाही. तो पेटीत गेला, डबा काढला, फडक्यावर थिनर ओतलं आणि काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब, छान हात मारला.

काच अशी लखलखली की चकाकी मनात म्हणाला, वा. मग दोनतीन श्वासांत, बारीक कुरकुर आवाज झाल्यासारखा त्याला भास झाला, आणि डाव्या काचेवर जुन्या कपबशीला असतं तसं केसाएवढ्या भेगांचं जाळं उमटलं.

तो दाराच्या पायरीवर बसला. रंगवाल्याचा आवाज आता अगदी स्पष्ट ऐकू येत होता, शब्दन् शब्द. बसल्या बसल्या त्याचं डोकं सवयीनं कामाला लागलं, की आता हे झाकायचं कसं? लांबी भरता येणार नाही, उजेड आरपार जायला हवा. मग त्यानं मगभर पाणी ओतून बघितलं, आणि भेगा गेल्या. पाणी भेगांत शिरलं आणि काच सफाईदार दिसायला लागली. म्हणजे वरून क्लिअर कोट दिला तर तोही भेगांत शिरणार, तिथेच वाळणार, आणि सोमवारी साहेबांना काय, खुद्द चिमणीलाही काही दिसणार नाही. गाडी पास. मंगळवारी तिघं पेशंट इस्पितळात.

आणि पुढे? पुढे काय होणार हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आतून बल्बची आच, बाहेरून ऊन. महिनाभरात कोट फुगणार, भेगा पसरणार, आणि एक दिवस पहाटे त्या दिव्यातून पुन्हा ते पिवळं पाणी सांडणार. स्टिअरिंगवर आपली पोर आणि मागे तीन माणसं. टेबलाची गाठ आणि ही भेग एक नव्हे हे त्याला कळत होतं. कळत असूनही त्यानं क्लिअर कोटची बाटली हातात घेऊन हलवली.

तेवढ्यात वळणावरून दोघी येताना दिसल्या. त्यानं बाटली खाली ठेवली आणि घाईघाईनं काचेवर आणखी एक मग पाणी ओतलं.

“वा, बाबा!” चिमणी लांबूनच म्हणाली. जवळ येऊन तिनं कमरेवर हात ठेवले. “हा तर उजव्याहून छान झालाय.”

“हूं,” चकाकी म्हणाला.

“हात आहे हो अजून,” बायको म्हणाली. तिच्या तोंडून असलं काही निघणं म्हणजे वर्षातून एकदाचा प्रसंग, आणि तो नेमका आजच यायचा होता.

चिमणीनं तिथल्या तिथे फोन काढला आणि तिघा पेशंटांमधल्या रिटायर मुख्याध्यापक बाईंना लावला. “बाई, मंगळवारी येते मी. हो, नेहमीच्याच वेळेला. नाही, नवे नाही मिळाले, बाबांनी केले. अहो, माझ्या बाबांनी.” ‘माझ्या बाबांनी’ म्हणताना तिनं वळून त्याच्याकडे बघितलं आणि हसली. सहा महिन्यांत ती त्याच्याकडे बघून अशी हसली नव्हती.

इकडे काचेवरचं पाणी ओघळून चाललं होतं. वरचा काठ वाळायला लागला तशी चकाकीनं पटकन आणखी एक मग ओतला. थोड्या वेळानं आणखी एक.

“अहो, झाडाला पाणी घालताय का?” बायको म्हणाली.

चकाकीनं मग पुन्हा बादलीत बुडवला. भरला. उचलला. आणि तो तसाच भरलेला मग त्यानं जमिनीवर ठेवून दिला.

“चिमणे, फोन ठेव आणि इकडे ये,” तो म्हणाला. “ही काच वाळेपर्यंत माझ्याजवळ थांब.”

“का? काय झालं?”

“थांब म्हणतो ना.”

तिघं त्या दिव्यासमोर उभी राहिली. वारा नव्हता, म्हणून वाळायला वेळ लागला. आधी वरची कड वाळली आणि तिथे चारपाच केस दिसले. मग ते जाळं हळूहळू खाली उतरत गेलं. शेवटचा थेंब खालच्या कोपऱ्यातून टपकला तेव्हा सगळी काच तडकलेली दिसत होती.

“थिनर लावलं मी,” चकाकी म्हणाला. “रंगवाल्यानं लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि तुम्ही आलात तेव्हा मला हे दिसत होतं. मी पाणी ओतून झाकत होतो. वरून कोट देऊन उद्यापर्यंत झाकणार होतो.”

बायकोनं तोंडाला पदर लावला. चिमणी काचेकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, मग वळून घरात निघून गेली. दार आपटलं नाही, आणि तेच चकाकीला जास्त लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तो तिथेच उभा राहिला. वाटलं, आता हिच्यासमोर आपण पुन्हा तो बाकावरचा माणूस झालो.

पाच मिनिटांनी चिमणी बाहेर आली. अंगात जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. डोळे जरा लाल होते.

“मला राग आलाय,” ती म्हणाली. “खूप आलाय, आणि तो आज जाणार नाही. पण तुम्ही सांगितलंत. मी विचारायच्या आधी सांगितलंत.” तिनं बादली पायानं जवळ ओढली. “आता कितव्या नंबरापासून घासायचं ते सांगा.”

चकाकीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते झाकलं नाही, बाहीनं पुसलं.

“तीनशेवीस,” तो म्हणाला. “पेटीत तळाला आहे.”

तीनशेवीसचा पेपर म्हणजे खरखरीत राक्षस. चकाकीचा खांदा सकाळपासून भरून आला होता, म्हणून चिमणी घासत होती आणि तो डोळे मिटून मधूनमधून काचेवर बोटांची टोकं फिरवत होता. डोळ्यांपेक्षा त्याची बोटं जास्त शहाणी होती. ‘इथे अजून आहे,’ तो म्हणायचा. ‘इथे गेली. इथे जोर कमी कर, पातळ होईल.’ बायको न सांगता पाणी बदलत होती आणि मधेच चहा घेऊन आली. भेगांचं जाळं वरवरचंच होतं. एकच हात लागला होता हे नशीब. ती एकेक करून निघाली. एक तेवढी राहिली, इंडिकेटरच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी. तिथे फडकं मुडपून थिनर साचलं होतं आणि ते खोल गेलं होतं.

चिमणी तिथे आणखी घासायला लागली तशी चकाकीनं तिचा हात धरला. “बास. ह्याच्या खाली गेलीस तर काचच जाईल.”

“मग ही अशीच?”

“अशीच. दिसली तर दिसू दे.”

चार वाजता तीन हजार नंबर झाला. या वेळी स्पिरिटची बाटली चकाकीनं स्वतः उचलली, पण वापरायच्या आधी चिमणीसमोर धरली. तिनं लेबल वाचून मान हलवली. ऊन उतरायच्या आत कोट बसला.

सोमवारी तो तिच्याबरोबर पासिंगला गेला. गाड्यांची मोठी रांग होती. साहेब म्हणजे एक वाळकासा माणूस, खिशाला तीन पेनं, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातली प्रत्येक गाडी त्याला फसवायलाच आली आहे. चिमणीनं गाडी पिवळ्या पट्टीवर उभी करून दिवे लावले. समोरच्या फळ्यावर उजेडाचे दोन स्वच्छ, कडक पट्टे पडले. साहेबांनी ते यंत्रानं मोजले, मान हलवली आणि फॉर्मवर सही करायला पेन काढलं.

आता चकाकीनं एक अक्षर बोलायची गरज नव्हती. एवढं आयुष्य गेलं, गिऱ्हाइकाला आपणहून खोट दाखवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला. “डाव्या दिव्यात एक भेग आहे.”

पेन थांबलं. चिमणीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून बापाकडे बघितलं. साहेब दिव्यापाशी वाकले, चष्मा वर केला, खाली केला.

“कुठे? मला नाही दिसत.”

“इथे. नखाला लागेल.” चकाकीनं साहेबांचं बोट धरून त्या कोपऱ्यात टेकवलं. “माझ्या हातून झालीय. थिनर लागलं.”

साहेबांनी नख दोनदा फिरवलं. मग पुन्हा दिवे लावायला सांगितले, फळ्याजवळ जाऊन उजेडाच्या कडा निरखल्या, परत आले.

“उजेडाच्या वाटेत येत नाही,” ते म्हणाले. “वाढेल का ही?”

“वाढू नये. पण उन्हाळाभर मी दर आठवड्याला बघणार. वाढली तर गाडी मीच घेऊन येईन तुमच्याकडे.”

साहेबांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, “दिवे तुम्हीच केलेत ना? मग भेग कशाला दाखवलीत? मला दिसली नव्हती.”

“मला दिसत होती,” चकाकी म्हणाला.

साहेबांनी कागद फाडून चिमणीच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, डावा दिवा, कोपऱ्यात भेग, उजेडाला अडथळा नाही, पास. चिमणीनं तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि नाक ओढलं. तिचा जीव भांड्यात पडला होता, पण ती एवढंच म्हणाली, “बसा, बाबा.”

तो बसणार एवढ्यात रांगेतल्या मागच्या गाडीचा ड्रायव्हर उतरून आला. त्याच्या टेम्पोचे दिवे कावीळ झाल्यासारखे होते आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

“काका, माझे बघता का हो? मला आत्ता परत पाठवणारच आहेत.”

चकाकीनं अंगठ्याला थुंकी लावून तो टेम्पोच्या काचेवर फिरवला. मग बोटांची टोकं फिरवली, डोळे मिटून. “होतील,” तो म्हणाला. “पण आधीच सांगतो, उजव्याच्या आत पाणी गेलंय, ते मला घासून जाणार नाही. वरचं तेवढं निघेल. चालेल का?”

“चालेल की,” ड्रायव्हर म्हणाला. “असं सांगतंय तरी कोण.”

मंगळवारी पहाटे चिमणी तिघा पेशंटांना घेऊन वेळेवर पोचली. परतल्यावर तिनं सांगितलं, मुख्याध्यापक बाई वाटेत म्हणाल्या, आज रस्त्यावरच्या पाट्या वाचता आल्या, आणि त्यांनी एका पाटीतली शुद्धलेखनाची चूकही काढली.

बुधवारी सकाळी चकाकी हत्यारांची पेटी घेऊन निघाला. टेम्पोवाल्यानं त्याला गाड्यांच्या तळावर बोलावलं होतं, आणि तिथे आणखी दोघं काचा दाखवायला थांबणार होते. तो चपला घालत होता तेव्हा चिमणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात त्याचा जुना डबा होता, भरलेला, झाकण घट्ट बसवलेलं.

तिनं तो पुढे केला. काही विचारलं नाही.

“गाड्यांच्या तळावर चाललोय,” चकाकी घाईनं म्हणाला. “मागच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला टेम्पो उभा असतो. आधी उजवा दिवा घेणार, चारशेपासून. आत पाणी आहे ते तसंच राहणार, ते त्याला सांगितलंय. मग आणखी दोघं आहेत, त्यांचे मी अजून पाहिलेले नाहीत. तीनपर्यंत येईन. फार तर साडेतीन. स्पिरिट घेतलंय. थिनरचा डबा इथेच ठेवलाय, माळ्यावर, हवं तर बघ.”

“अहो, जा आता,” बायको आतून म्हणाली. “डबा गार होतोय.”

चिमणीनं माळ्याकडे बघितलंही नाही. तिनं डबा त्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.